कारखान्यातून आलेलं घर: बांधकामाचं साहित्य नेमकं कसं बदललं?

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. "औद्योगिक क्रांतीमुळे लोखंड, काच आणि सिमेंट आलं आणि वास्तुकला बदलली" हे वाक्य तिला प्रत्येक पुस्तकात सापडतं. पण नेमकं काय बदललं आणि आपल्याकडे ते कुठे बघायला मिळतं, हे कुणी सांगत नाही.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि माझं बरंचसं काम मुंबई-पुण्यातल्या जुन्या इमारतींच्या तपासणीचं आणि दुरुस्तीचं आहे. त्यामुळे शैलींच्या इतिहासापेक्षा भिंत फोडल्यावर आत काय निघतं, त्या बाजूने उत्तर देतो.

आधी ते वाक्यच जरा तपासू. लोखंड काही औद्योगिक क्रांतीत जन्मलं नाही. काच रोमनांकडेही होती. चुना तर हजारो वर्षांचा. कारखान्यांनी केलं ते वेगळंच. हे पदार्थ स्वस्त झाले, प्रत्येक नग दुसऱ्यासारखा निघू लागला आणि तो किती भार घेईल हे कागदावर आधी सांगता येऊ लागलं. यातली तिसरी गोष्ट पुस्तकात बहुधा राहून जाते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. घराचं माप, घराची ताकद आणि घर बांधायला लागणारा वेळ पूर्वी साइटवर ठरायचा. तो निर्णय हळूहळू साइटबाहेर गेला.

आपल्या पेशवाईतल्या वाड्यापासून सुरुवात करू. काळ्या पाषाणाचं जोतं, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या. मधल्या भिंती पातळ विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या. म्हणजे सांगाडा आपल्याकडे आधीपासून होता. वाड्याची डागडुजी करताना कितीदा दिसतं की भिंत पार झिजून गेली आहे, तरी मजला जागेवर उभा आहे, कारण भार खांबावर आहे. तेव्हा "सांगाड्याची इमारत ही औद्योगिक युगाची देणगी" असं कुणी लिहिलं, तर निदान महाराष्ट्रापुरतं ते मान्य करू नका. पण त्या सांगाड्याला मर्यादा होती झाडाची. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण, आणि खोली किती खणी यावर घराची ऐपत मोजली जायची. लांब तुळई हवी तर तसा सोट जंगलातून यायला हवा. तो वाकेल की नाही हे सुतार नजरेने सांगायचा आणि बहुधा बरोबर सांगायचा. त्याचा अंदाज चुकू नये म्हणून लाकूड मात्र गरजेपेक्षा खूप जाड वापरलं जायचं.

चुन्याचीही तीच गोष्ट. चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजायची, मग विरवायची आणि बैल जुंपलेल्या घाणीत वाळूबरोबर मळायची. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो. आठवडे लागतात, जाड भिंतीच्या पोटात त्याहून कितीतरी जास्त. म्हणून एका दिवसात भिंतीचे मोजकेच थर चढवायचे, नाहीतर खालचा ओला चुना दबतो. घाई केली तर काम बिघडतं, हे त्या मालातच होतं.

आता इंग्लंड. १७०९ मध्ये कोलब्रुकडेलला अब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी कोक (भाजलेला दगडी कोळसा) वापरून लोखंड गाळलं. लोखंड जंगलावर अवलंबून राहिलं नाही, ही त्यातली खरी गंमत. त्याच गावाजवळ १७७९ मध्ये ओतीव लोखंडाचा पहिला मोठा पूल उभा राहिला. त्याचे सांधे बघा: कुसू आणि खाच, पाचर. सगळे सुतारकामातले! लोखंड हातात आलं, पण डोकं अजून लाकडाचंच होतं. नवीन साहित्य आलं की पहिली पिढी ते जुन्याच रीतीने वापरते, हे पुढेही वारंवार दिसेल.

इमारतीत लोखंड शिरलं ते सौंदर्यासाठी नाही, आगीच्या भीतीने. सूतगिरणीत सगळीकडे कापसाची तूस, तेलाने माखलेल्या लाकडी जमिनी आणि उजेडाला दिवे. गिरण्या धडाधड जळत होत्या. १७९७ मध्ये श्रूझबरीजवळ डिदरिंग्टनला चार्ल्स बेजने जवसाच्या (लिननच्या) धाग्याची गिरणी बांधली. खांब ओतीव लोखंडाचे, तुळयाही लोखंडाच्या आणि दोन तुळयांमध्ये विटांची बुटकी कमान. लोखंडी सांगाड्याची ही जगातली पहिली इमारत मानतात. ती विटांची बुटकी कमान म्हणजे आपल्याकडची जॅक आर्च. मुंबईतल्या जुन्या गोदामांत, गिरण्यांत, सरकारी इमारतींत आणि गावाकडच्या एखाद्या सावकाराच्या घरातही तुम्हाला ती छताला दिसेल. फक्त गावाकडे तुळईच्या जागी बऱ्याचदा रेल्वेचा रूळ असतो. रेल्वेने काढून टाकलेला रूळ म्हणजे स्वस्त आणि खात्रीची तुळई, हे हिशेबाने कुणाला शिकवावं लागलं नाही.

काचेचा इतिहास करापासून सुरू होतो. ब्रिटनमध्ये काचेवर अबकारी कर होता. तो १८४५ मध्ये उठला आणि काच एकदम आवाक्यात आली. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात जोसेफ पॅक्स्टनने क्रिस्टल पॅलेस उभारला. तो वास्तुविशारद नव्हता, बागांचा माणूस होता, काचेची रोपघरं बांधून शिकलेला. त्या काळी कारखान्यात सोयीने बनणारी लांब काच ४९ इंचांची. तिच्यावरून छताची घडी ठरली, आणि खांब बसवले २४ फुटांच्या चौकटीत. पोकळ खांबांतून पावसाचं पाणी खाली नेलं. सगळे सुटे भाग कारखान्यात बनवून जागेवर नुसते जोडले. वाड्यात खोलीचं माप तुळईने ठरवलं, इथे अख्ख्या इमारतीचं माप काचेच्या तावदानाने. ठरवणारा पदार्थ बदलला, आणि तो पदार्थ साइटवर नव्हे तर दूर बर्मिंगहॅमजवळच्या कारखान्यात बनत होता.

मुंबईत हे सगळं एका इमारतीत येऊन पोचलं: काळाघोड्याचं वॉटसन हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते ६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, मोकळ्या झालेल्या जागेवर नवं शहर उठू लागलं. त्यात जॉन वॉटसन या कापड व्यापाऱ्याने १८६७ ते १८६९ मध्ये ही इमारत बांधवली. आरेखन रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरचं. क्रिस्टल पॅलेसच्या कामातही त्याचा हात होता. खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतल्या, जहाजाने आणल्या आणि मुंबईत जोडल्या. भिंती विटांच्या, पण त्या नुसत्या भरीव्याच्या. बाहेरून लोखंडाचा सांगाडा तसाच उघडा ठेवलेला. शेजारीपाजारी दगडी गॉथिक इमारती उठत असताना ही उघडी लोखंडी चौकट लोकांना काय वाटली असेल! ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच, ७ जुलै १८९६ ला.

आज तिची अवस्था वाईट आहे. २००५ मध्ये बाल्कनीचा भाग कोसळला. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली, आणि संवर्धन करणाऱ्यांनी त्याला विरोध केला. या वादात मी शिरत नाही, पण अशी इमारत दुरुस्त करणं अवघड का असतं ते सांगतो, कारण ते साहित्याच्या स्वभावात आहे. ओतीव लोखंड दाबाला जबरदस्त असतं, ताणाला मात्र कच्चं. वाकत नाही, कुरकुरत नाही, सूचना न देता तुटतं. इंग्लंडमध्ये १८४७ मध्ये डी नदीवरचा रेल्वेपूल गाडीखाली कोसळला, तेव्हा ओतीव लोखंडाच्या तुळयांवरचा विश्वास पार उडाला. शिवाय त्याला साधं वेल्डिंग चालत नाही. तापवलं की शेजारी तडा जातो. सागवानी खांब कुजला तर तेवढाच तुकडा कापून नवा सांधता येतो. कोणताही जुना सुतार ते करायचा. इथे एक खांब गेला तर तसा ओतून देणारी ओतशाळा शोधा. घराची दुरुस्ती घराच्या गावात होणं तिथून थांबलं.

तुम्हाला जुन्या इमारतीत लोखंड ओळखायचं असेल तर एक-दोन खुणा. ओतीव खांब बहुतेक गोल आणि पोकळ, माथ्याला नक्षी, आणि अंगावर उभी बारीक शिवण, जिथे साच्याचे दोन भाग मिळाले. तुटलेली जागा करडी, रवाळ दिसते. घडीव लोखंड तुटलं तर लाकडासारखे धागे दिसतात. आणि पोलादी तुळई असेल तर गंज खरवडून बघा, पोटावर बनवणाऱ्याचं नाव उठवलेलं असतं. मुंबईत "डॉर्मन लाँग" हे नाव इतक्या ठिकाणी निघतं की त्या कंपनीच्या गावचं, इंग्लंडमधल्या मिडल्सबरोचं पोलाद आणि गिरगावची चाळ यांचं नातं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पोलाद स्वस्त झालं ते १८५६ च्या बेसेमर पद्धतीनंतर (वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करण्याची रीत). पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते १९०१ चं वर्ष. ब्रिटनमध्ये मानकं ठरवणारी समिती बसली आणि तिने पोलादी छेदांची, म्हणजे तुळया वगैरेंच्या ठरीव आकारांची, संख्या १७५ वरून ११३ वर आणली. ऐकायला रुक्ष वाटेल. पण त्यामुळे तुळईचा तक्ता छापता आला, तक्त्यावरून कुठेही बसून इमारत आखता आली आणि इंजिनिअर नावाचा प्राणी बांधकामात कायमचा घुसला. गवंडी आणि सुतार यांचा शब्द तिथून खाली आला. माझं पोट याच तक्त्यांवर चालतं, तरी ही किंमत मोजली गेली हे सांगायला हवं.

उंच इमारतींबद्दल फार लिहीत नाही, ते कुठेही वाचायला मिळेल. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ ची, आणि ओटिसने पडू न देणारी लिफ्ट दाखवली ती १८५४ मध्ये. लिफ्ट नसती तर पोलाद असूनही कुणी दहाव्या मजल्यावर भाड्याने राहिलं नसतं, एवढं लक्षात ठेवा.

मुंबईच्या दगडी गॉथिक इमारतींबद्दल मात्र एक गैरसमज आहे. व्हीटी (आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), राजाबाई टॉवर, क्रॉफर्ड मार्केट ही सगळी "जुन्या पद्धतीची" बांधणी वाटते. वरचा साज जुना, आतली यंत्रणा नवी. क्रॉफर्ड मार्केटच्या दगडी दर्शनी भागामागे बाजारावर लोखंडी छप्पर आहे. फ्रेडरिक स्टीव्हन्सने १८७८ ते १८८८ दरम्यान बांधलेल्या व्हीटीत घुमट आणि कोरीवकाम पुढे, फलाटांवरची लोखंडी छपरं मागे. त्या काळच्या लोकांना लोखंडाची गरज होती, पण ते लोकांपुढे उघडं उभं करायची लाज वाटत असावी.

आता माझा आवडता भाग, ज्याला पुस्तकात दोन ओळीही मिळत नाहीत: मंगलोरी कौल.

कोकणात जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंतींवर उतरतं छप्पर असायचं, ऐपत नसेल तर गवताचं किंवा झावळ्यांचं, असेल तर नळ्यांचं. नळा गावचा कुंभार चाकावर काढायचा, उभा चिरून दोन करायचा. असे नळे उलटसुलट एकमेकांवर रचायचे. ते कशालाही अडकलेले नसतात, नुसते ठेवलेले. मग वारा, मांजरं, माकडं यांनी ते सरकतात, आणि दर वर्षी मिरगाच्या आधी घर शाकारावं लागतं. सगळे नळे उतरवायचे, फुटके बाजूला, खालचा बांबू बघायचा, परत रचायचे.

बासेल मिशनच्या जर्मन धर्मप्रचारकांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. गेओर्ग प्लेबस्ट हा त्यातला तांत्रिक माणूस. नमुना युरोपातला. आल्सासमधल्या जिलार्डोनी बंधूंनी १८४१ मध्ये खाचांनी एकमेकांत अडकणारं कौल काढलं होतं. मंगळूरला नदीकाठची चिकणमाती, भट्टीला लाकूड आणि दाराशी बंदर. मातीचा लगदा यंत्राच्या साच्यात दाबला की प्रत्येक कौल दुसऱ्यासारखं. गलबतांनी ते कोकणभर आणि मुंबईला आलं.

एक मंगलोरी कौल हातात घ्या. पाठीला खाली पुढे आलेली बोंडं दिसतील, ती रिपेला अडकतात. बाजूच्या कडेला उंच घडी आणि समोरच्या कडेला तशीच खोबण. शेजारचं कौल त्यात बसलं की पाणी आत जायला जागा नाही. हे सगळं जमायचं तर रिपा अगदी सारख्या अंतरावर हव्यात, साधारण फुटाला एक. म्हणजे रीप सरळ हवी, म्हणजे ती करवतीने कापलेली हवी, म्हणजे सॉ मिल हवी. आणि वासे वाकडे चालत नाहीत. बांबू आणि गोल वासा छपरातून गेला तो असा. कारखान्याचा एक माल घरात शिरला की तो एकटा राहत नाही, दुसऱ्या कारखान्याच्या मालाला हाक मारतो. वार्षिक शाकारणीचा त्रास बराच कमी झाला, बायकांच्या मागचं पावसाळ्यातलं गळक्या घराखाली भांडी मांडणं कमी झालं. आणि कुंभाराचं नळ्यांचं काम गेलं. दोन्ही एकाच कौलाने केलं.

अशीच गोष्ट जमिनीची. शेणाने सारवलेल्या जमिनी जाऊन मराठी घरांत शहाबादी फरशी आली, कारण मुंबईहून रायचूरला जाणारा लोहमार्ग १८७१ मध्ये शहाबादवरून पूर्ण झाला. दगड तिथे युगानुयुगे होता. तो पुण्या-सोलापूरच्या स्वयंपाकघरात आणला रेल्वेने. ब्रह्मदेशचं सागवान तसंच जहाजांनी मुंबईच्या चाळींत आलं. गिरणगावातल्या लाकडी चाळी तुम्ही "पारंपरिक" समजत असाल, तर त्यांच्या खांबांचं लाकूड रंगूनहून आलेलं असू शकतं आणि त्यांची गरजच गिरण्यांनी निर्माण केलेली आहे.

१८९६ च्या प्लेगनंतर आणि पुढे पहिल्या महायुद्धानंतर कामगारांच्या घरांचा प्रश्न टोकाला गेला. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फूट. सगळं काँक्रीटमध्ये. मुंबईच्या सामान्य माणसाची काँक्रीटशी पहिली मोठी ओळख ही: उन्हाळ्यात तापणारी, एका साच्यातून काढलेल्यासारखी सारखी घरं. नंतर त्याच काँक्रीटने श्रीमंतांसाठी मरीन ड्राइव्ह बांधला.

सिमेंटचा हिशेब थोडा तपशिलात सांगतो, कारण आपण सगळे त्यातच राहतो. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. चुनखडी आणि चिकणमाती आता जवळजवळ १४५० अंशांवर भाजतात. चुन्यापेक्षा किती तरी जास्त उष्णता, म्हणून कोळशाशिवाय हे शक्यच नव्हतं. ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, हवेची वाट बघत नाही. १८९२ मध्ये फ्रान्सच्या फ्रांस्वा हेनेबिकने खांब, तुळई आणि स्लॅब असा एकसंध आरसीसी (आत पोलादी सळया घातलेल्या काँक्रीटचा) सांगाडा पेटंट केला. भारतात सिमेंटचं खऱ्या अर्थाने उत्पादन सुरू झालं ते १९१४ मध्ये पोरबंदरला. १९३६ मध्ये दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी (असोसिएटेड सिमेंट कंपनीज) झाली. म्हणजे मरीन ड्राइव्ह उठत होता तेव्हा सिमेंट देशी, भरपूर आणि विकायला उतावीळ होतं.

वास्तुकलेत याने काय केलं ते मरीन ड्राइव्हवर उभं राहून दिसतं. गोल वळणारे कोपरे, कोपऱ्यातच खिडकी, खिडकीवर पापणीसारखा पुढे आलेला सलग छज्जा, आधाराशिवाय बाहेर झेपावलेली बाल्कनी. दगडाच्या किंवा विटांच्या भार घेणाऱ्या भिंतीत कोपरा हा सगळ्यात मजबूत ठेवावा लागतो. तिथे खिडकी पाडणं म्हणजे वेडेपणा. आरसीसीत खांब जरा आत घेतला आणि स्लॅब पुढे काढली की कोपरा मोकळा. आर्ट डेको, म्हणजे अशा इमारतींची शैली, ही फॅशन होती हे खरं, पण ती फॅशन परवडली ती या झेपेमुळे. भिंत दोन फुटांवरून नऊ आणि पुढे चार इंचांवर आली. जागा वाढली आणि त्याच हिशेबात ऊनही आत आलं. जाड भिंत आणि उंच छत उष्णता अडवत होतं. ते काम पुढे पंख्याकडे आणि मग एसीकडे गेलं.

पोलादाऐवजी आपण आरसीसीच का उचललं? याचं उत्तर मला पूर्ण भारतीय वाटतं. पोलादी सांगाड्याला रोलिंग मिल, मोठी क्रेन, कुशल जोडणी आणि आगीपासून संरक्षण लागतं, आणि टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून पोलाद निघू लागलं तरी ते पुरेसं नव्हतं. काँक्रीटला फक्त सिमेंट आणि सळई बाहेरून लागते. वाळू, खडी, पाणी, सेंट्रिंगचं लाकूड आणि माणसं जागेवर. डोक्यावर घमेली घेऊन शिडीवर चढणारी बायका-माणसांची रांग हीच आपली क्रेन. कारखान्याचा माल साइटच्या फाटकापर्यंत आला. फाटकाच्या आत मात्र चुना मळायच्या घाणीच्या काळातली रीत चालू राहिली. आपल्या इमारतींचं जे काही चुकलं त्यातलं बरंचसं या एका विसंगतीत आहे.

एक उदाहरण. १९१८ मध्ये डफ एब्रम्सने दाखवून दिलं की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. ५० किलोच्या एका गोणीला ०.४५ च्या प्रमाणात साडेबावीस लिटर पाणी पुरतं. पण इतकं घट्ट काँक्रीट दाट सळ्यांमध्ये हाताने सरकत नाही. व्हायब्रेटर नसेल किंवा बंद पडलेला असेल तर बिगारी आणखी एक बादली ओततो. माल छान वाहतो, स्लॅब संध्याकाळच्या आत भरून होते, सगळे खूष. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. चुन्याची चूक भिंत उभी राहतानाच दिसायची. काँक्रीटची चूक वीस-पंचवीस वर्षं लपून राहते.

ती कशी बाहेर येते ते बघायचं असेल तर तपासणीच्या वेळी हजर राहा. तुळईच्या तळाचा थोडा भाग छिन्नीने फोडायचा, धूळ झटकायची आणि ताज्या तुटलेल्या पृष्ठावर फिनॉल्फ्थॅलिनचा (अल्क असेल तिथे गुलाबी होणाऱ्या रसायनाचा) फवारा मारायचा. निरोगी काँक्रीट भडक गुलाबी होतं. जिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून आत शिरून काँक्रीटचा अल्कधर्मीपणा संपला, तिथे रंग येत नाही. बाहेरून आत असा बिनरंगाचा पट्टा दिसतो आणि पलीकडे गुलाबी. तो पट्टा सळईपर्यंत पोचला की सळईचं कवच गेलं. मग गंज, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटून खाली पडतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारतींत पीळ दिलेल्या टॉर सळ्या आहेत, त्या गंजायला अधिक उतावीळ. आजचं मानक समुद्राच्या खाऱ्या हवेला थेट उघड्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर कव्हर मागतं. जुन्या इमारतींत १५ मिलिमीटर मोजल्यावरही आम्ही बरं म्हणतो. आणि गंमत अशी की जो कार्बन डायऑक्साइड चुन्याला घट्ट करत होता, तोच इथे सळईचा शत्रू.

यावरून "जुनं ते सोनं" असा अर्थ कृपया काढू नका. चुना आणि माती यांच्याबद्दल हल्ली फार गोड लिहिलं जातं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा मातीत बांधलेल्या भिंती पाण्यात विरघळून घरंच्या घरं बसली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीत दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यावरचं माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) ओझं झोपेतल्या माणसांवर आलं. हजारो गेले. ते माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवायचं, हे खरंच आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. नीट आखलेला आणि नीट भरलेला आरसीसी सांगाडा भूकंपात माणसं वाचवतो, त्याला पर्याय म्हणून मी कुणाला मातीची भिंत सुचवणार नाही.

उलट चूकही तितकीच सर्रास होते: जुन्या चुन्याच्या इमारतीवर सिमेंटचा गिलावा. दगडाच्या सांध्यातला चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंटने सांधे भरले की ओल दगडातून वाट काढते, सोबत क्षार आणते आणि दगडाचं तोंड पापुद्र्यांनी सुटतं. पोरबंदरच्या मऊ दगडावर हे फार लवकर दिसतं. कारण सांधा दगडापेक्षा कच्चा असावा, हा चुन्याच्या कामातला नियम. सांधा झिजला तर परत भरता येतो. सिमेंट तो नियम उलटा करतं.

तुमच्या अभ्यासासाठी एक वाट सुचवतो, एका सकाळीत होईल. एस्प्लनेड मॅन्शनच्या बाहेरच्या रस्त्यावरून त्याची लोखंडी चौकट बघा (आत जाऊ नका). तिथून ओव्हल मैदानाच्या कडेने चाला. एका हाताला विद्यापीठ आणि हायकोर्ट, दुसऱ्या हाताला आर्ट डेकोची रांग, मध्ये फक्त मैदान. २०१८ मध्ये युनेस्कोने हे दोन्ही मिळून एकच वारसास्थळ केलं. दगडाच्या बाजूला कोपरे बघा, ते किती भरीव आहेत. मग रस्ता ओलांडून काँक्रीटच्या बाजूचे कोपरे बघा. वहीत दोन्हींची रेखाटनं शेजारी शेजारी काढा, भिंतींची जाडी पावलांनी किंवा टेपने मोजून लिहा. आणि शक्य झालं तर एखाद्या चालू साइटवर जा, जिथे ॲल्युमिनियमचं साचेकाम लावून भिंती आणि स्लॅब एकदम ओततात आणि काँक्रीट ट्रान्झिट मिक्सरमधून येतं. तिथे पाणी किती घातलं ते बिगारी ठरवत नाही, प्लँटमधला संगणक ठरवतो. अर्थात ट्रक उशिरा आला आणि माल घट्ट झाला, तर ड्रायव्हर पाइप हातात घेतो का, तेवढं मात्र बघून या.